वायपरची जोडी

शिवलिंगनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली वायपरची दोन पाती काउंटरवर ठेवली, कागद उलगडला आणि त्यातलं एक पातं बोटानं पुढे सरकवलं.

"ह्येच्यातलं अस्सल हाय का तुमच्याकडं? नसंल तर तसं सांगा. मी दुसरीकडं जातो."

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या त्या स्पेअरपार्टच्या दुकानाचे मालक हंबीरराव बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी काही खाली ठेवली नाही. आधी पात्याकडे पाहिलं, मग बाहेर पावसात उभ्या असलेल्या पांढऱ्या मारुतीकडे, आणि शेवटी शिवलिंगच्या कपाळावरच्या विभूतीच्या तीन पट्ट्यांकडे.

"पावणं कुठलं?"

"गडहिंग्लज. मिरचीचा व्यापार हाय आमचा."

"आणि वायपरसाठी एवढ्या लांब आलासा? तिकडं मिळत न्हाईत व्हय?"

"मिळत्यात की. डुप्लिकेट."

हा शब्द शिवलिंगनं एवढ्या जोरात उच्चारला, की कोपऱ्यात नटबोल्ट निवडत बसलेल्या गिऱ्हाइकानंही मान वर केली. बनावट मालाचा त्याला मनापासून तिटकारा होता. मिरचीचं देठ मोडून नुसता वास घेतला, की ती संकेश्वरी आहे की बाहेरून आणून त्यात मिसळलेली, हे तो सांगायचा. आणि हळू सांगणं त्याच्या स्वभावात नसल्यामुळे ते अख्ख्या बाजाराला कळायचं. त्याच्या दुकानात भेसळीचा माल कधी शिरला नव्हता. ह्या एका गोष्टीवर त्याची मान आयुष्यभर ताठ राहिली होती, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच ताठ राहिली होती.

हंबीररावांनी मागच्या फळीवरून एक डबा काढून समोर ठेवला. शिवलिंगनं डबा उचलला, उलटा केला, परत सुलटा केला. तोच रंग, तेच कंपनीचं नाव, खाली तोच नंबर. गडहिंग्लजमध्ये त्यानं घेतलेल्या दोन्ही जोड्या अशाच डब्यातून निघाल्या होत्या.

"ह्योच डबा तर तिकडं हुता."

"मग काय अडलं?"

"डबा काय, कुणीबी छापून घेतंय."

"पावणं," हंबीरराव म्हणाले, "डबा छापत असतील, मला कुणी छापलेलं न्हाई. बाहेर गाडीला लावून बघा. पानी मारा. काच पुसली न्हाई तर पैसे परत न्या. एकशे चाळीस रुपये."

"तिकडं एकशे धा ला देत्यात."

"तिकडं डुप्लिकेट देत्यात म्हनलासा न्हवं?"

शिवलिंगनं पाकिटात हात घातला. पैसे घेता घेता हंबीररावांनी सहज विचारलं,

"कुणाच्या दुकानातनं घेतलं हुतं?"

"मेव्हण्याच्या."

आता मात्र हंबीररावांनी बशी खाली ठेवली.

"बायकोच्या भावाला डुप्लिकेट ठरवून आलासा? आणि घरात अजून जेवाय मिळतंय?"

नटबोल्टवाला हसला. शिवलिंग हसला नाही, कारण घाव नेमका बसायचा तिथंच बसला होता.

त्याचं असं झालं होतं. मारुती त्यानं त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली अक्षय तृतीयेला कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांकडून घेतली. गाडी जुनी होती, पण गल्लीतली पहिलीच. पाऊस सुरू झाल्यावर वायपर काचेवर पाण्याऐवजी करडा लगदा ओढायला लागले. जुनी गाडी, जुनं रबर, म्हणून तो मेव्हण्याच्या, मल्लेशच्या दुकानात गेला आणि नवी जोडी घातली. पंधरवड्यात तीच गत. मल्लेशनं काही न बोलता दुसरी जोडी लावून दिली आणि पैसे घेतले नाहीत. ते फुकट देणं शिवलिंगच्या डोक्यात बसलं. ज्याचा माल चोख आहे, तो फुकट कशाला देईल? दुसरी जोडीही तशीच निघाली, तेव्हा तो दुकानात जाऊन उभा राहिला. दुकानात चार ड्रायव्हर होते, दूध डेअरीचा माणूस होता. शिवलिंगनं आवाज कमी केला नाही.

"मिरचीत विटंची भुकटी घालणाऱ्याला आमच्या बाजारात कुणी उभं करत न्हाई. तू तरी येगळं काय करतोस रं? अस्सल माल दाखीवशील तवाच माझ्या उंबऱ्यावर पाय ठेव."

मल्लेशचं तोंड उतरलं. तो एवढंच म्हणाला, "दाजी, घरी जावा." माणूस खरा असता तर भांडला असता, असं शिवलिंगनं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

त्याला आता तीन आठवडे झाले होते आणि नागपंचमी तोंडावर आली होती. त्याच्या बायकोचं, महादेवीचं माहेर दोन गल्ल्या टाकल्या की लागायचं. एरवी ती मीठ-मसाला मागायलासुद्धा तिकडे जाऊन यायची. पण पंचमीला तसं जायचं नाही. पंचमीला भाऊ मुराळी म्हणून दारात आला पाहिजे, त्यानं बहिणीला घेऊन गेलं पाहिजे. लग्न होऊन आल्यापासून मल्लेश एका वर्षी चुकला नव्हता. पहिल्या वर्षी तर तो एवढासा होता, की मुराळ्यालाच कडेवर घेऊन महादेवी माहेरी गेली, असं गल्लीतल्या बायका अजून सांगायच्या.

कोल्हापूर सोडलं आणि कागलच्या अलीकडे पावसानं गाठलं. शिवलिंगनं वायपर सुरू केले. दोन्ही पाती सर्रकन वर गेली, सर्रकन खाली आली आणि काच लख्ख झाली. पुढच्या ट्रकच्या मागची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. तो एकटाच गाडीत मोठ्यानं हसला. निपाणीपर्यंत त्यानं मल्लेशला काय बोलायचं ते ठरवलं, संकेश्वरपर्यंत ते आणखी धारदार केलं, आणि गडहिंग्लजच्या वेशीत शिरताना त्याला स्वतःचंच म्हणणं इतकं पटलं होतं, की पाऊस थांबल्यावरही त्यानं वायपर बंद केले नाहीत.

घरी महादेवी शेंगदाणे भाजत होती. त्यानं दारातूनच सांगितलं,

"बघ. कोल्हापूरचा माल. साठ-सत्तर किलोमीटर आलो, काच आरशागत. आता उद्या तुझ्या भावाच्या काउंटरवर ही जोडी आपटतो."

महादेवीनं कढईतला हात थांबवला नाही.

"आपटा. आणि मग?"

"मग तो चूक झाली म्हणंल. मग यील पंचमीला."

"मल्लेश खोटा माल इकतो असं मला मरंपातूर पटायचं न्हाई," ती म्हणाली. "आणि न केलेली चूक त्यो कबूल करायचा न्हाई. माझाच भाऊ हाय."

"मग तू जाणार न्हाईस?"

"मुराळ्याबिगर? मी काय वाटंवर पडलेली हाय व्हय?"

शेंगदाणे तिनं सुपात ओतले. पंचमीच्या लाडवांची तयारी होती ती. दर वर्षी भावाच्या घरी न्यायचे म्हणून दुप्पट करायची. ह्या वर्षी किती करायचे हे तिला ठरवता येत नसावं, कारण सूप भरल्यावर ती बराच वेळ दाण्याचं पोतं हातात धरून उभी राहिली. मग पोतं तिनं बांधून ठेवलं.

शिवलिंगनं ते पाहिलं. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्याला राग यायचा. तो न जेवताच झोपला.

दुसऱ्या दिवशी मल्लेशचं दुकान उघडण्याच्या आधी आवरून तयार राहायचं म्हणून तो पहाटे उठला. चूळ भरायला म्हणून पडवीत आला आणि खांबाशी थांबला.

पुढच्या पत्र्याच्या छपराखाली गाडी उभी होती आणि महादेवी गाडीपुढे होती. तिची अंघोळ, लिंगपूजा उरकलेली दिसत होती. ओले केस तिनं पदरात बांधले होते. हातात विभूतीची वाटी. तिनं तीन बोटं बुडवून बॉनेटवर आडव्या पट्ट्या ओढल्या. हे त्याला ठाऊक होतं. त्या पट्ट्या मिरवत तो बाजारात जायचा. तिची गाडीची पूजा एवढीच असते, असं तो धरून चालला होता.

पण महादेवी तिथं थांबली नाही. तिनं डाव्या बाजूचा वायपर काचेवरून उचलला. लहान मुलाचा हात धरावा तसा एका हातानं धरला, दुसऱ्या हाताची बोटं वाटीत बुडवली आणि रबराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत विभूती लावली. चांगली दाबून, ओली, जाडसर. मग तो वायपर हळूच खाली टेकवून ती पलीकडे गेली आणि दुसरा उचलला. कपाळाला लावायची तशी दंडालाही विभूती लावायची, ही त्यांच्या घरातली रीतच होती. गाडीचं कपाळ तिनं बॉनेट धरलं होतं आणि दंड म्हणून हे दोन वायपर.

ती काहीतरी पुटपुटत होती. माहेरच्या कन्नडमध्ये, देवाशी बोलताना बोलायची तसं. शिवलिंगनं कान दिला. तिचं मागणं फार मोठं नव्हतं. ह्या दोन हातांना थकवू नकोस, ह्यांना पुढचा रस्ता दिसू दे, एवढंच होतं.

ज्येष्ठात, पाऊस नुकता लागला तेव्हा, ती दोघं आंबोलीहून येत होती. घाटावर पाऊस असा कोसळला, की रस्ता, झाडं, समोरची गाडी, काही म्हणता काही दिसेना. महादेवी त्याच्या शेजारी हात जोडून बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, त्या दोन हातांनी आणलं आपल्याला. तो तेव्हा खो खो हसला होता. त्यानंतर रोज पहाटे हे असंच चाललं असणार.

"अगं" त्याच्या ओठांवर आलं. ओठांवर आलेला शब्द त्यानं आयुष्यात कधी मागे घेतला नव्हता. पण पुढचं सगळं त्याला त्याच वेळी दिसलं. आता हाक मारली तर तिला कळणार, की भावाचं नाक चारचौघांत कापलं गेलं ते तिच्याच बोटांमुळे. कुणी दोष दिला नाही तरी ती स्वतःला देणार. पुन्हा ती कशाला हात लावणार नाही. ना गाडीला, ना वाटीला. आपल्या वाटेसाठी ही बाई पहाटे उठून लोखंडाला दंड मानते, ह्या विचारानं शिवलिंगचा ऊर भरून आला. आणि त्यापाठोपाठ मल्लेशचं उतरलेलं तोंड आठवलं, तेव्हा त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो खांबाआड सरकला.

महादेवी आत गेल्यावर तो खाकरत बाहेर आला. वायपरना त्यानं हात लावला नाही.

मल्लेशच्या दुकानात पूर्वीसारखी गर्दी नव्हती. दोन ट्रॅक्सवाले ड्रायव्हर होते आणि एक ओळखीचे गुळाचे व्यापारी होते. शिवलिंग पायरी चढला तसे ते बोलायचे थांबले. तीन आठवड्यांपूर्वीचा तमाशा सगळ्यांना पाठ होता. आता दुसरा बघायला मिळणार म्हणून ड्रायव्हरांनी जागा करून दिली. मल्लेश काउंटरमागे उभा राहिला. त्यानं नमस्कारही केला नाही आणि नजरही खाली घातली नाही.

"मल्लेश," शिवलिंग म्हणाला, आणि सवयीनं त्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला, "परवा मी हितं उभं ऱ्हाऊन तुझा माल डुप्लिकेट म्हणलो. माल अस्सल हाय. कोल्हापुरात जाऊन बघून आलो. डबा त्योच, नंबर त्योच. खोटं हुतं ते माझं बोलणं."

ड्रायव्हर एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी गुळाच्या व्यापाऱ्यांनी विचारलं,

"मग शिवलिंगअण्णा, तुमच्या काचेला झालतं तरी काय?"

हे उत्तर त्यानं येताना वाटेत तयार केलं होतं.

"गोदामात मिरचीला तेल लावतोय न्हवं आम्ही. त्येच तेलकट फडकं गाडीत पडलेलं असायचं. मी रोज त्यानंच काच पुसत हुतो. मग रबर तरी काय करंल?"

दुकान हसण्यानं दणाणलं. एक ड्रायव्हर दुसऱ्याला म्हणाला, अण्णांच्या गाडीला फोडणीच द्यायची राहिली होती. बाजारात शिवलिंगला आजवर कुणी असं हसलं नव्हतं. तो मध्ये उभा राहून ते हसणं ऐकत राहिला, आणि कुणी कमी हसत असेल तर त्याच्याकडे बघून फडक्याची गोष्ट त्यानं पुन्हा सांगितली. संध्याकाळपर्यंत ती गावभर झाली पाहिजे होती.

मल्लेश तेवढा हसला नाही. गिऱ्हाइकं गेल्यावर त्यानं विचारलं,

"दाजी, तुम्ही गाडीची काच कधी पुसलीसा?"

शिवलिंग काउंटरवरचा एक डबा उलटा-सुलटा करायला लागला.

"घरात पान्याचा तांब्या तुम्ही हातानं घेत न्हाईसा. काच कवा पुसाय लागलासा?"

"पुसत हुतो म्हणून सांगितलं न्हवं?"

"पैल्या जोडीच्या वक्ताला मी जुनं रबर काढलं," मल्लेश हळू म्हणाला. "बोटाला राख लागली. वास घ्यायचं बी काम न्हवतं. मी साळंला निघालो की अक्का माझ्या दंडाला लावायची. सदऱ्याची बाही रोज भरायची. मास्तर मारायचं, तरी लावायचीच."

शिवलिंग स्टुलावर बसला.

"म्हंजे तुला म्हाईत हुतं? मी हितं बोंबलत हुतो तवाबी?"

"व्हय."

"आणि गप बसलास? दुकान बसलं की रं तुझं. गिऱ्हाईक संकेश्वरला जायला लागलं."

"गिऱ्हाईक काय, यील परत. त्या दिवशी हितं पाच मानसं उभी हुती दाजी. त्यांच्यापुढं काय म्हणू? माझा माल चांगला हाय, माझी भनच चुकली म्हणू?"

गाडी, मिरची, घराणं, सगळ्याचा शिवलिंगला अभिमान होता, आणि तो त्यानं गावाला पुरेपूर दाखवलाही होता. एवढी वर्षं ज्याला तो पोरगेला समजत आला, त्या मेव्हण्याचा अभिमान त्याला आज पहिल्यांदा वाटला, आणि तो कसा दाखवायचा हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं काउंटरवरचा मल्लेशचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"अक्काला सांगितलं न्हाईसा न्हवं?" मल्लेशनं विचारलं.

"न्हाई. सांगायचं बी न्हाई."

"मग गल्लीच्या वळणावर गाडी थांबवून रबर पुसत जावा. रोजचं दोन मिनटांचं काम."

"तिनं लावल्यालं मी पुसू?" शिवलिंग एकदम तडकला. "तू दर म्हैन्याला एक जोडी काढून ठेव. पैसे घ्यायचे. फुकट दिलीस तर बघ."

मल्लेशनं होकार दिला. मग दुसरीकडे बघत म्हणाला,

"पंचमीला सकाळी येऊ न्हवं?"

"यायला लागतंय," शिवलिंग म्हणाला. "लाडू दुप्पट करायला सांगतो."

पंचमीच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. मल्लेश नवा फेटा बांधून दारात आला, पाट मांडला गेला, चहा झाला. एवढ्या पावसात चालत कुठं जाता, म्हणून शिवलिंगनं किल्ली काढून मेव्हण्याच्या हातावर ठेवली. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. शिवलिंगची बायको भावासोबत मोटारीतून माहेरी निघाली, हे बघण्यासारखंच होतं. महादेवी लाडवांचा मोठा डबा मांडीवर घेऊन पुढे बसली. लुगडं सावरलं, भावाकडे पाहिलं, आणि शेजारणीला हात केला.

छपराबाहेर गाडी येताच काचेवर पाणी आलं. मल्लेशनं वायपर सुरू केले. पाती वर गेली, खाली आली, आणि काचेवर करडा लगदा पसरला.

महादेवीनं काच खाली करून मान बाहेर काढली.

"अवं, परत त्याच फडक्यानं पुसलंसा व्हय? सनासुदीचं तरी? सगळ्या गावात हसं झालं तरी तुमाला कळत न्हाई?"

दारादारांतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. पडवीत उभ्या असलेल्या शिवलिंगनं तोंड उघडायच्या आत आतून मल्लेशचा आवाज आला.

"ऱ्हाऊ दे अक्का. दाजींचं काय न्हाई त्यात. माझाच माल खराब निघाला."

शिवलिंग तसाच पावसात उतरला. चिखल तुडवत गाडीच्या खिडकीशी आला आणि पलीकडच्या गल्लीलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला,

"मालात काय बी खोट न्हाई! फडकं माझंच हाय!"

महादेवीनं कपाळावर हात मारून घेतला.

"चल रं मल्लेश," ती म्हणाली, "ह्यांच्या नादाला लागू नको."